कार्ने असादा: लिंबू किती आणि किती वेळ

कार्ने असादा म्हणजे मेक्सिकोतलं, मुरवून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. ते लिंबात रात्रभर मुरवलं की लुसलुशीत होतं, हा पक्का गैरसमज. लिंबाचं आम्ल वरच्या पातळ थरापलीकडे फारसं जात नाही. त्या थरातली प्रथिनं आवळतात, पाणी सोडतात आणि निखाऱ्यावरून उतरतो तो वरून पिठूळ, आतून वातड तुकडा. खोलवर शिरतं ते मीठ. कच्ची पपई लावायची सवय असेल तर इथे मोडा. लिंबाच्या जोडीला ती आली की वरचा थर नुसता लगदा होतो.

मेक्सिकोत यासाठी गाईच्या पोटाकडचा, लांब धाग्यांचा पातळ भाग घेतात. आपल्याकडे महाराष्ट्रात गाय आधीपासूनच आणि 2015पासून बैलही बंद, म्हणजे म्हशीचं मटण. पुठ्ठ्याचं (मागच्या भागाचं), बिनहाडाचं घ्या आणि एक सेंटिमीटर जाडीचे सपाट काप करून मागा.

एक किलोला चार कागदी लिंबांचा रस (साधारण 60 मिली), 100 मिली संत्र्याचा रस, 60 मिली तेल, ठेचलेल्या दहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, देठांसकट मूठभर कोथिंबीर, चमचाभर भाजून भरडलेलं जिरं आणि 15 ग्रॅम मीठ. एका लिंबाची हिरवी सालही किसून घाला. खरा वास तिच्यातच असतो, पण किसणी पांढऱ्या भागाला लागली की कडवटपणा आलाच. संत्र्याऐवजी मोसंबी चालते, फक्त ती फारशी आंबट नसते, म्हणून एक लिंबू वाढवा. कोकमाचं आगळ मात्र सोलकढीलाच राहू द्या. त्यातल्या मिठाने सगळा हिशेब चुकतो.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, पितळ तर नकोच. दोन ते चार तास, तेही फ्रिजमध्ये. किनाऱ्यावरच्या उकाड्यात ओट्यावर ठेवून विसरू नका. वरून घ्यायला थोडं मिश्रण मांसाला लावण्याआधीच बाजूला काढा, कच्चं मांस ज्यात मुरलं ते वापरू नका.

करवंट्यांचा जाळ विझून निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबा. सोडणं (नारळाची बाहेरची सालं) टाकली तर नुसता धूर. काप निथळून, कापडाने टिपून मगच जाळीवर ठेवा. ओला काप आधी वाफेवर शिजतो, रंग धरत नाही, आणि संत्र्यातली साखर चिकटून जळते ती वेगळीच. एका बाजूला तीनेक मिनिटं, मग उलटा. मध्ये कच्चा लाल रंग दिसता कामा नये. उतरवून पाच मिनिटं ठेवा, मग धाग्यांना आडवी सुरी लावून बारीक पट्ट्या काढा. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर वरची सगळी मेहनत वाया.

सोबत पातळ चपाती खुशाल घ्या. उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, कार्ने असादा गव्हाच्याच तोर्तियात, म्हणजे तिथल्या पातळ पोळीत, गुंडाळतात.