पॅनेल 3 : सुपरकूलिंग सुटलं, आता तळाशी साका

पॅनेलमध्ये कॅल्शियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट आहे, म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे सहा रेणू धरणारा क्षार. 29 अंशांच्या आसपास वितळताना ते उष्णता साठवतं, गोठताना परत देतं. गेल्या नोंदीतला सुपरकूलिंगचा, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहण्याचा, तिढा सुटला. 1.5 टक्के स्ट्रॉन्शियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट बीज म्हणून (स्फटिक धरायला सुरुवात व्हावी यासाठी) घातल्यावर पॅनेल थंड होताना 29 अंशांच्या जरासं खाली जातं, लगेच वर उसळतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. लॉगरवरची (तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावरची) ती आडवी रेघ पाहणं हे मोठं सुख आहे. मात्र मिश्रण 50 अंशांच्या वर नेऊ नका. साधारण 61 अंशांना बीजच आपलं पाणी सोडतं.

पण दर चक्रागणिक ती रेघ आखूड होत चालली आहे, आणि पॅनेल पूर्ण वितळल्यावरही तळाशी पांढरा साका उरतो. वजन हरघडी तेच, म्हणजे झाकणं निर्दोष. साका टेट्राहायड्रेटचा आहे, म्हणजे त्याच क्षाराचा, पण पाण्याचे चारच रेणू धरणारा. तो द्रवापेक्षा जड, म्हणून खाली बसतो. विरघळायला 33 अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि थंड होताना त्याच्यावर हेक्झाहायड्रेटचं कवच चढलं की पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मूळ चूक भरतानाच झाली. किलोभर हेक्झाहायड्रेटला 671 ग्रॅम डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू धरणारा तोच क्षार) आणि 329 ग्रॅम पाणी हे सूत्र बरोबर आहे, पण वापरले होते फ्लेक्स, म्हणजे पोत्यात मिळणारे कॅल्शियम क्लोराईडचे पापुद्रे. शुद्ध डायहायड्रेटमध्ये क्षार 75.5 टक्के असतो, फ्लेक्सच्या पोत्यावर 77 ते 80 लिहिलेलं असतं. 78 धरलं तर मिश्रणात क्षाराच्या एका रेणूमागे पाण्याचे 6 नव्हे, 5.6 रेणूच पडतात. मग साका बसणारच! रस्त्यावरचा बर्फ वितळवायचे फ्लेक्स या कामाला नकोतच. उघड्या पोत्यात ते ओल धरतात आणि टक्केवारी रोज बदलते. प्रयोगशाळेच्या दर्जाचं डायहायड्रेट घ्या.

दुरुस्ती: किलोमागे 42 ग्रॅम पाणी. त्यातल्या 33 ग्रॅमनी तूट भरते, उरलेल्या 9 ग्रॅमनी प्रमाण 6.1 वर जातं. थोडी सुप्त उष्मा (वितळताना साठणारी उष्णता) गमवावी लागते, पण टेट्राहायड्रेटला वाव उरत नाही. पाणी घालून 40 अंशांवर साका पूर्ण विरेपर्यंत ढवळायचं.

शिवाय साका खाली बसू नये म्हणून द्रव घट्ट करायला हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज घालायचं ठरलं होतं. ते आधी साध्या पाण्यात फुगवावं लागतं. खाऱ्या द्रवात थेट टाकलं तर गुठळ्या होतात. म्हणजे भरलेल्या पॅनेलमध्ये ते जमणार नाही, नवा घाणाच करावा लागेल.

हे लिहिता लिहिता दुसरी वाट दिसते आहे. साका त्रास देतो तो उंचीमुळे. भिंतीवर उभं 60 सेंटिमीटरचं पॅनेल ठेवण्याऐवजी छताखाली 10 मिलिमीटर जाडीचे आडवे एचडीपीई प्लास्टिकचे खोके लावले, तर साका आणि द्रव यांच्यात अंतरच उरणार नाही. ॲल्युमिनियम नको, क्लोराईड त्याला खातो. तेव्हा पॅनेल 4 आडवं, घट्ट न करता. पॅनेल 3 मध्ये फक्त पाणी घालून दोन्ही शेजारी शेजारी चालवायची, एकाच लॉगरवर.