कोड शेअर करताय की कुलूप?

आज ज्युनिअरने कोड शेअर करायच्या एका साइटवरून सिग्नलमधला नॉइज काढायचं फुकटचं मॅटलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) फंक्शन उतरवलं, चालतंय झकास पण आत बघायला गेलो तर नुसती पी-फाइल, म्हणजे चालते पण आतला कोड लपवलेला, उघडली की सगळी अगम्य अक्षरं. फिल्टर कुठला, कटऑफ, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून गाळायचं, ते किती, काही पत्ता नाही, क्लायंटने विचारलं तर काय सांगू, देवाची करणी? विकायचं असेल तर लपवा ना बाबा, हक्कच आहे तुमचा, पण लोकांनी एकमेकांचा कोड बघून शिकायच्या साइटवर अशा पी-फाइली घ्यायच्याच कशाला! क्रोमवाल्यांनी २०१८ मध्येच मुद्दाम दुर्बोध केलेल्या कोडची एक्स्टेंशन्स बंद केली (मिनिफाय केलेलं, म्हणजे फक्त आकार कमी करायला आटोपशीर केलेलं चालतं, ते ठीकै). आणि २०२४ चं एक्सझेड (लिनक्सवरचं फायली लहान करायचं टूल) प्रकरण, सोर्स उघडा असूनही बॅकडोअर, म्हणजे घुसायची चोरवाट, लपवलेलं टेस्टच्या बायनरी फायलींत, ज्या माणसाला वाचता येत नाहीत! पोराला म्हटलं उडव ती फाइल, बटरवर्थ फिल्टर आपणच लिहू, चार ओळींचं तर काम आहे.