मी नाही त्यातली

ताडापानी (नेपाळ), शुक्रवार, रात्र

पोटऱ्या भरून आल्यात, उजवा गुडघा खरचटलाय. तरी आजच लिहून ठेवते. घरी पोचेपर्यंत मी हे सगळं माझ्या सोयीने सांगायला लागेन, मला माहितीय.

काल उल्लेरीच्या त्या न संपणाऱ्या दगडी पायऱ्या चढून घोरेपानीला पोचले. लॉजच्या जेवणाच्या खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी, वर तारेवर देशोदेशीचे ओले मोजे. इथे आजवर कोण कोण जेवून गेलंय ते मेन्यूकार्डावरूनच कळतं: स्विस रोश्टी, कोरियन नूडल्स, ॲपल पाय, आणि मग आपला डाळभात.

शेजारी एक जर्मन येऊन बसला. म्हटलं, चला, याच्याकडे मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असणार. तर या गृहस्थाकडे टॉर्चसुद्धा नव्हता, आणि सूर्योदय बघायला पहाटे पून हिलच्या टेकडीवर किती वाजता निघायचं ते तोच मला विचारत होता. मला हसू आलं. तो म्हणाला, घराबाहेर पडल्यापासून जो भेटतो तो असाच हसतो. जर्मन आणि विसराळू म्हटलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मग ट्रेकच्या परमिटचा विषय निघाला. त्याला ३००० नेपाळी रुपये पडले, मला सार्क देशातली, म्हणजे शेजारची, म्हणून १०००. शिवाय मला व्हिसा लागत नाही. "म्हणजे तू अर्धी घरचीच," म्हणाला.

खऱ्या घरचे कोपऱ्यात बसले होते. आठ-दहा जण, गाण्याच्या भेंड्या चाललेल्या, मधूनच भडंगाची पिशवी फिरत होती. "अहो, मोजे वाळलेत का बघा जरा!" हे ऐकलं आणि मी पुस्तकात डोकं घातलं. का? तर परदेशात आवाज करणारे भारतीय म्हणतात ते हेच, आणि मी त्यातली नाही, हे त्या जर्मनाला कळायला हवं होतं म्हणून.

लॉजवाल्या दिदीने गरम पाण्याच्या अंघोळीचे ३०० सांगितले. भारतीय घासाघीस करतात असं कुणी म्हणू नये म्हणून मी निमूट काढून दिले. आपले भारतीय रुपये झाले १८७. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे दोन रुपये कमी करायला लावणारी मी! माझ्यामागून जर्मन गेला आणि हसत हसत २५० मध्ये जमवून आला.

कोपऱ्यात एव्हाना माझ्यावर चर्चा सुरू झाली होती.

"साऊथची दिसतेय."

"छे हो, बंगाली. चष्मा बघा ना."

"एकटीच आलीय वाटतं. जेवते की नाही नीट, कोण जाणे."

ते कुठली भाषा बोलतायत, असं जर्मनाने विचारलं. "भारतात फार भाषा आहेत," मी म्हणाले. खोटं तर नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. काळोखात टॉर्चची लांबच लांब माळ वर सरकत होती. माझ्या टॉर्चच्या निम्म्या उजेडात जर्मन. दवाने निसरड्या झालेल्या एका पायरीवर पाय सटकला आणि तोंडातून निघालं, "आई गं, मेले!"

मागून तीन टॉर्च एकदम माझ्या तोंडावर आले.

"अगंबाई, मराठी?"

पुढचं बरंचसं मी मान खाली घालूनच ऐकलं. एका काकांनी माझी सॅक घेतली, कुणीतरी हातात आलेपाकाची वडी कोंबली. जर्मनालाही एक मिळाली; त्याने काही न विचारता खाल्ली आणि दुसरी मागितली. वर ३२१० मीटरवर ही गर्दी. आधी धौलागिरीचा माथा लाल झाला, मग माच्छापुच्छ्रे शिखराच्या मागून उजेड फुटला, आणि चक्क दोन मिनिटं आमच्या मंडळींपैकी कुणी काही बोललं नाही.

मग काकूंनी मला बाकावर बसवलं आणि गुडघ्याला मलम लावायला घेतलं.

"काल सगळं ऐकू येत होतं ना गं तुला?"

"हो."

"आणि एक शब्द बोलली नाहीस! कुठली तू?"

"पुण्याची."

काकूंनी मलमाचं झाकण लावलं आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुण्याची आहे हो!"

"तरीच," काका म्हणाले.