आबांचा गाल आणि पटक्याची सावली

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा आबांचं पोर्ट्रेट करायला घेतलं. आबा म्हणजे माझे आजोबा, वय ऐंशीच्या पुढं, सगळं आयुष्य उन्हात, कापसात नि ज्वारीत गेलेलं, रंग म्हणाल तर पहिल्या पावसात भिजलेल्या काळ्या रानासारखा, त्यावर पांढरी खुरटी दाढी आणि डोक्याला पांढरा पटका. असा चेहरा समोर बसलाय म्हणल्यावर मला दम निघंना. पेटीतली फ्लेश टिंटची, म्हणजे तयार कातडीच्या रंगाची ट्यूब काढली, त्यात थोडा बर्न्ट सिएना (भाजलेल्या मातीचा तांबूस तपकिरी रंग) घातला आणि थेट गालापासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं मागं सरकून बघितलं तर तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसायलं होतं. सगळं कापडानं पुसून टाकलं.

शाळेत मी ड्रॉइंग शिकवते आणि पोरं हेच करतात. चेहरा म्हणलं की त्यांना एक "स्किन कलर" हवा असतो. ती ट्यूब मुळात गोऱ्या कातडीचा अंदाज धरून बनवलेली असते आणि तिच्यात पांढरा आधीच भरपूर असतो. पांढऱ्याचं असं आहे की तो रंग नुसता उजळ करत नाही, सोबत थंड पण करतो, रंगातला जीव काढून घेतो. आबांसारख्या रापलेल्या कातडीत ऊब आतून येते, तिथं पांढरा जरा जास्त पडला की खडूच दिसतो.

दुसऱ्या दिवशी रंगाला हातच लावला नाही. आधी फक्त व्हॅल्यू. व्हॅल्यू म्हणजे एखादी जागा किती गडद नि किती उजळ, मग ती लाल असो पिवळी असो, त्याचा इथं संबंध नाही. मुन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकारानं यासाठी एक मोजपट्टी ठरवून दिली, शून्य म्हणजे काळा नि दहा म्हणजे पांढरा, मधे सगळे करडे. मी एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर काळा-पांढरा मिसळून एक ते नऊ चौकोन रंगवले आणि प्रत्येक चौकोनात पंचिंग मशिननं भोक पाडलं. आबा समोर बसून सगळं बघत होते, शेवटी न राहवून म्हणले, "आगं माय, मला रंगवायलीस का पुठ्ठा रंगवायलीस?"

आमचं घर जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे, जाड भिंती, खिडकी नावाला, आणि मधल्या खोलीत छताला सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. आबांना त्या सवण्याखाली, थोडं बाजूला बसवलं. सकाळी आठ ते दहा तिथून फक्त आभाळाचा उजेड येतो, ऊन आत शिरत नाही, आणि ऊन शिरलं की जमिनीवर कवडसा पडतो आणि मग सगळंच बदलतं म्हणून तेव्हा काम थांबवायचं. पोर्ट्रेटला असा वरून एकाच ठिकाणाहून येणारा उजेड मिळणं हे भाग्य आहे, शहरात लोक त्यासाठी लाइट विकत घेतात. कपाळ, नाकाचा दांडा, गालाचं हाड एवढंच उजळतं, डोळ्यांच्या खोबण्या नि हनुवटीखालचा भाग एका सलग सावलीत जातो. चेहरा दोनच भागात वाटला जातो, उजेडातला आणि सावलीतला, आणि चित्राचं अर्धं काम तिथंच होतं.

डोळे बारीक केले की बारकावे जातात आणि हे दोन भाग उरतात. मग पट्टीच्या भोकातून एकेक जागा बघत गेले. उजेडातला गाल, पाच. कपाळावरची चमक, साडेसहा-सात. सावलीतला गाल, अडीच. पटक्याचा उजेडाकडचा भाग नऊ, ते दिसतच होतं. नंतर पटक्याच्या सावलीकडच्या बाजूला पट्टी धरली, मला वाटलं सात तरी असंल, पांढरंशुभ्र कापड आहे शेवटी. तर पाच. मी तीनदा बघितलं, जागा बदलून बघितलं, पाचच. म्हणजे आबांचा काळा गाल आणि त्यांचा पांढरा पटका, एक उजेडात नि एक सावलीत, दोन्ही एकाच चौकोनात बसायले होते. डोळा हे मानायला तयार होत नाही कारण डोक्याला माहिती असतं की पटका पांढरा आहे आणि आबा काळे आहेत, आणि हात डोक्याचं ऐकतो, डोळ्याचं नाही. दाढीचं पण तसंच, सावलीतली पांढरी दाढी जेमतेम चार निघाली. डोळ्यातला पांढरा भाग तर पापणीच्या सावलीत त्याहून खाली. पोरं तिथं ट्यूबमधला कोरा पांढरा लावतात आणि मग डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसतात ते ह्यामुळंच.

कॅनव्हास पांढरा ठेवला नव्हता. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमधे पातळ करून आधीच एक हात मारून ठेवला होता, म्हणजे व्हॅल्यू मधोमध येते आणि गडद-उजळ दोन्हीकडचा अंदाज लागतो. कोऱ्या पांढऱ्यावर कुठलाही रंग लावा, तो काळाच वाटतो, मग माणूस घाबरून उजळ करत जातो.

आता रंगांचं. अँडर्स झॉर्न म्हणून एक स्वीडिश चित्रकार होता (१८६० ते १९२०), त्याच्या नावानं चार रंगांची पॅलेट ओळखली जाते: यलो ओकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. एवढ्यावर अख्खी माणसं. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की हे चारी रंग आबांना माझ्या आधीपासून ओळखीचे आहेत. यलो ओकर म्हणजे आपली भिंतीला लावायची पिवडी, व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ जो पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात, काळा म्हणजे काजळी आणि पांढरा म्हणजे चुना (चित्रातले काळा नि पांढरा वेगळे असतात, पण घरात काळा म्हणजे काजळी नि पांढरा म्हणजे चुनाच). ट्यूबवरची नावं वाचून दाखवली तर आबा म्हणले, मग एवढे पैसे कशाला घातलेस.

मी ह्या चारात बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन हा निळा वाढवले. अल्ट्रामरीन नि सिएना मिसळून जो गडद येतो तो ट्यूबच्या काळ्यापेक्षा जिवंत असतो, सिएना जास्त घातला की उबदार, निळा जास्त घातला की थंड. आबांची सावली सगळी ह्याच दोघांची आहे. आभाळाचा उजेड निळसर थंड, त्यामुळं सावल्या उबदार दिसतात, आणि हनुवटीखाली सारवलेल्या जमिनीवरून परतलेला पिवळसर उजेड होता, तो इतका सुंदर होता की मी तो जास्तच उजळ केला आणि जबडाच फुगला. सावलीतला परतलेला उजेड कितीही मोहात पाडो, तो सावलीचाच असतो, त्याच कातडीच्या उजेडातल्या सगळ्यात गडद जागेच्याही खालीच राहायला पाहिजे. तीनवर आणला तेव्हा जबडा जागेवर बसला.

उजेडाकडं जाताना पांढरा शेवटी घ्यायचा. आधी ओकर घालत जायचं, त्याची स्वतःची व्हॅल्यू बरीच वर आहे, सिएनातून ओकरमधे गेलं की गाल उजळतो आणि ऊब पण राहते. पांढरा फक्त कपाळाच्या नि नाकाच्या चमकीत, आणि तिथं त्याच्यासोबत चिमूटभर निळा, कारण काळ्या कातडीवरची चमक म्हणजे खरं तर आभाळच असतं. गाल, नाकाचा शेंडा नि कान इथं लाल थोडा जास्त, रक्त तिथं वर येतं. दाढीच्या भागात करडा.

फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून पण तपासत होते, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही, माझा फोन गडद चेहरा आपणहून उजळ करून टाकतो.

हे सगळं करताना अजिंठा सारखा आठवायला होता. पहिल्या लेण्यात पाऊल टाकलं की बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं काहीच दिसत नाही, मग हळूहळू आधी फक्त गडद-उजळ दिसायला लागतं, भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं झुकलेलं डोकं, नाकावरची उजळ रेघ, आणि रंग कुठले ते सगळ्यात शेवटी कळतं. चेहरा मात्र रंगाआधीच ओळखू आलेला असतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी पिवळी-तांबडी-पांढरी माती, हिरवा दगड, काजळी आणि बाहेरून आणलेला निळा लाजवर्द दगड एवढ्यावर गोरी, सावळी, काळी सगळी माणसं रंगवली आणि काळ्याला काळंच ठेवलं. काळी माणसं तिथं गोऱ्यांइतक्याच मानानं उभी आहेत.

हे मी काकूला सांगितलं कारण काकूचं म्हणणं होतं, "आबा एवढे काळे कुठायत गं? पाव्हणे येतात, भिंतीवर लागणार, जरा उजळ कर की." लग्नाच्या अल्बममधे फोटोवाल्यानं आबांना गव्हाळ करून ठेवलंय, काकूला तेच आबा वाटतात. मला राग आला नाही पण वाईट वाटलं, आणि त्या गालावर अजून पांढरा चढवायचा नाही हे पक्कं होतं. चेहऱ्याला हात लावला नाही. आबांच्या मागची चुन्याची भिंत मी सातवर धरली होती, तिच्यापुढं चेहरा दबायला होता. ती सवण्याच्या उजेडाबाहेरची सावली समजून तीनपर्यंत खाली आणली, सिएना आणि निळ्यात, सावलीतला गाल तिच्यात जवळजवळ मिसळून दिला. उजेडातला पाच नंबरचा गाल तसाच, एक ब्रश न लावता, पुढं आला.

संध्याकाळी काकू चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली, म्हणली, "आता कसं. केलंस न्हवं उजळ."

कान थोडा राहिला होता तो दुसऱ्या दिवशी केला. वार्निश अजून बाकी आहे, ऑइल आतून सुकायला सहा महिने तरी जाऊ द्यावे लागतात, दिवाळीला गेले की करीन.