मोत्याचा डावा डोळा

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, रात्र

आज पूजेच्या गडबडीत आमच्या कुत्र्याचा, मोत्याचा डोळा पुसायचा राहून गेला आणि दुपारपर्यंत त्याच्या गालावरची ओली रेघ वाळून विटकरी झाली. दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी हे पाणी प्रथम दिसले होते. दोन महिने होत आले, तरी ते मागे लागलेलेच आहे. या दोन महिन्यांत माझ्या हातून काय काय झाले, ते एकदा लिहून ठेवावे म्हणून आज बसले आहे.

सुरुवातीला मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सोयाबीनची मळणी नुकतीच आटोपली होती, अंगणात भुशाचा थर होता, आणि मोत्या दिवसभर त्याच भुशात लोळत असे. तेव्हा धूळ गेली असेल, दोन दिवसांत निवळेल, असे मी स्वतःलाच सांगितले. त्याचे तोंड पांढरे असल्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाकडे गेलेली तांबूस रेघ उठून दिसे आणि येणाराजाणारा तिच्यावर बोलल्याशिवाय राहत नसे. ‘मोत्याला मोतीबिंदू झाला’ हा विनोद तर मी निदान दहा जणांकडून ऐकला. ती रेघ रक्ताची आहे की काय, अशी धास्ती मला वाटे. कुत्र्याच्या अश्रूंमध्ये पोरफायरिन नावाचे द्रव्य असते आणि ओल सतत राहिली की त्याचाच डाग केसांवर चढतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आमची गुरे राखणारा म्हातारा गायकी मात्र तिसऱ्याच दिवशी अंगणात उकिडवा बसला, मोत्याचे तोंड दोन्ही हातांत धरून त्याने नीट पाहिले आणि म्हणाला, “बाई, हवा लागली असती तं दोनी डोये गयले असते. एकाच डोयातून पानी येऊन रायलं, म्हनजे काईतरी रुतलं असन.” जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या मला हा साधा तर्क सुचला नव्हता, आणि त्याने सुचवल्यावरही मी तो मनावर घेतला नाही, हे येथे लिहिताना संकोच वाटतो.

त्याऐवजी मी केले ते असे. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या थेंबांची न उघडलेली एक बाटली कपाटात होती. माणसाच्या डोळ्याला चालते ते कुत्र्याच्या डोळ्याला का चालू नये, असा विचार करून मी सकाळ-संध्याकाळ ते थेंब मोत्याच्या डोळ्यात घातले. चार दिवसांत लाली उतरली, पाणीही थोडे कमी झाले, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सातव्या दिवशी मोत्या डोळा उघडीना. उजेड टाळून तो कणगीमागच्या अंधारात जाऊन बसू लागला, पंजाने गाल घासू लागला, आणि बळेच पापणी वर केली तेव्हा बुबुळावर निळसर धुरकट ठिपका दिसला. शेजारणीने ‘फूल पडलं’ असे म्हणून बैलाच्या डोळ्यावर करतात तो तंबाखू-मिठाची चूळ मारण्याचा उपाय सांगितला. तेवढे पाप तरी माझ्या हातून घडले नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी डोळ्याच्याही आधी बाटली मागितली. तिच्यावरील नाव वाचून त्यांनी ती माझ्या हातात परत दिलीच नाही. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, त्यामुळे डोळा बरा होत आहे असे वाटते. पण बुबुळावर जखम असेल तर ती भरण्याचे काम त्यानेच थांबते आणि जखम खोल जाऊ शकते. त्यांनी त्याच दिवशी नागपूर गाठायला सांगितले.

एसटीत कुत्रा कोण घेणार? गावातील एकाची मालवाहू गाडी संत्र्याच्या पेट्या घेऊन नागपूरला निघालीच होती. त्या पेट्यांच्या वासात, मोत्याचे डोके मांडीवर घेऊन, मी सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले. हे महाविद्यालय १९५८ पासून तेथे आहे. नागपुरात शिकत असताना त्याच्या फाटकावरून मी कितीदा गेले असेन, पण आत पाऊल टाकण्याची वेळ आता आली.

तेथे जे पाहिले ते मी विसरणार नाही. आधी दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी एक मिनिट अडकवून अश्रू मोजले. पट्टी निदान १५ मिलिमीटर भिजली पाहिजे, नाहीतर डोळा कोरडा पडला आहे असा संशय घेतात. मोत्याची डावी पट्टी तर भराभर भिजत गेली. मग दोन्ही डोळ्यांत नारिंगी रंगाचे औषध सोडले आणि निळा दिवा धरला. निरोगी बुबुळावर तो रंग टिकत नाही. जेथे वरचा थर खरचटला असेल तेथेच तो धरतो. मोत्याच्या डाव्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डाग चमकला. शेवटी डोळा बधिर करून, आतल्या कोपऱ्यातील तिसरी पापणी चिमट्याने अलगद उचलली आणि तिच्या मागून कुसळ काढले. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या गवताचे, एका टोकाला अणकुचीदार, नखाएवढेसुद्धा नसेल. दरवेळी डोळा मिटताना ते बुबुळावर घासत होते, आणि ते धुऊन काढण्यासाठी डोळा पाणी गाळत होता. मी आठवडाभर त्या पाण्यावर उपाय करत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, ही म्हण ज्याने केली त्याला माझ्यासारखी माणसे भेटली नसावीत.

नंतरचे दिवस थेंबांच्या वेळापत्रकात गेले. डोळा खाजवू नये म्हणून जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली होती. ती बादली दारांच्या चौकटींवर आपटत तो घरभर फिरे आणि गावातील पोरे त्याला ‘लाउडस्पीकर’ म्हणत. बाराव्या दिवशी पुन्हा रंग घालून पाहिला तेव्हा डाग उरला नव्हता.

पाणी मात्र राहिले. त्याच रंगाने तेही उलगडले: उजव्या डोळ्यातला रंग काही मिनिटांत उजव्या नाकपुडीत उतरला, डाव्या बाजूला तो उतरलाच नाही. अश्रू नाकाकडे वाहून नेणारी बारीक नळी त्या बाजूने अरुंद झाली आहे. बहुधा त्या सुजेमुळेच, असे डॉक्टर म्हणाले. भूल देऊन ती एकदा धुऊन पाहिली, आठ दिवस बरे वाटले, मग पुन्हा ओल आली. पुढचा उपाय नाजूक आहे आणि मोत्या नऊ वर्षांचा आहे. दुखत नाही, डोळा स्वच्छ आहे, दिसते आहे; तेव्हा पुन्हा भूल द्यायची नाही असे मी ठरवले. या निर्णयात माझा थकवा किती आणि मोत्याचे हित किती, हे मी स्वतःला रोज विचारते.

आता सकाळी चहाच्या आधी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे पुसते, मग कोरड्या कापडाने टिपते, नाहीतर ओलीने खालची कातडी सोलवटते. ते कुसळ कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. गायक्याला दाखवले तेव्हा तो ‘मी म्हनलं होतं’ असे म्हणाला नाही, विळा घेऊन धुऱ्यावर गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, “कापलं बाई, पन कुसयं गयून गेली हायेत. पुढच्या साली पोयाच्या आंधीच कापा लागन.”

हे लिहीत असताना मोत्या ओसरीवरून उठून आला आहे आणि डावा गाल माझ्या गुडघ्यावर टेकून उभा आहे. सकाळचे राहिलेले पुसणे त्याला आठवत असावे. कापड दोरीवर आहे, ते घेऊन येते.