क्रँक पुलीचा बोल्ट दोनदा सुटला, त्याची गोष्ट

आधीच सांगतो, चूक निम्मी माझी आहे. बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, व्यवस्थित चाललेली, पण व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं की क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, ओरिजिनल पुली (हिच्यावरच्या बेल्टने एसी आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरतो) काढून हलकी ॲल्युमिनियमची बसवली की पिकअप वाढतो. मागवली. निळी, चकचकीत, हातात घेतली तर वजनच नाही. एका गॅरेजवाल्याने तासाभरात बसवून दिली, इम्पॅक्ट गनने बोल्ट टर्रर्र करून आवळला आणि म्हणाला, भाऊ, आता बघा गाडी कशी पळते. पळाली, म्हणजे मला तरी तसं वाटलं, पैसे घातल्यावर वाटतंच.

साधारण तीन आठवड्यांनी आयडलवर टक टक आवाज सुरू झाला. एसी लावला की आवाज बदलायचा, रेस दिली की गायब. मला वाटलं बेल्ट असेल म्हणून चालू इंजिनात बेल्टवर थोडं पाणी मारून बघितलं, काही फरक नाही. मग कोणीतरी म्हणालं कनेक्टिंग रॉडचा आवाज आहे, इंजिन उघडावं लागेल, आणि ती रात्र मी इंजिनच्या खर्चाचा हिशोब करत काढली. त्याच आठवड्यात मुंबईहून येताना कसारा घाट चढून वर आलो, घोटीच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तसाच हळूहळू नाशिक गाठलं, पाथर्डी फाट्यापर्यंत आलो तेव्हा शर्ट ओला झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवं पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं आणि मित्राला गाडी चालू करायला सांगितली. पुली डुगडुगत होती, जत्रेतल्या पाळण्यासारखी. बंद करून बोल्टला सॉकेट लावला तर जोर न लावता फिरला. रॉड वगैरे काही नाही, सगळा आवाज या एका बोल्टचा. मला तर आनंदच झाला! पाचवा गिअर टाकला, मित्राला ब्रेकवर उभं केलं, पान्याला पाइप लावून जीव खाऊन आवळला. संपलं काम.

चार दिवसांनी परत टक टक.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेले, आता रिटायर आहेत. त्यांना लाजत लाजत सांगितलं. ते व्हर्नियर (मिमीचे बारीक भाग मोजायची पट्टी) खिशात घालूनच खाली आले. आधी मला बोल्ट पूर्ण आवळायला लावला, मग बेल्ट उतरवला आणि दोन्ही हातांनी पुली धरून आतबाहेर हलवली. बारीक खट्ट आवाज आला. म्हणाले, "अरे, बोल्ट घट्ट आहे, पुली घट्ट नाही."

मला कळलंच नाही. मग त्यांनी बोल्ट काढून त्याचं टोक दाखवलं, टोकाला गोल चकचकीत घासलेली खूण होती. बोल्ट क्रँकच्या भोकात तळाला जाऊन टेकत होता, त्यामुळे पाना अडायचा, आपल्याला वाटायचं आवळला, पण डोक्याखाली पुलीवर दाब शून्य. जुनी पुली मी गॅलरीत ठेवली होती (फेकली नाही हे एक शहाणपण केलं), ती आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजलं. नव्या पुलीत बोल्ट जिथे बसतो ती जागा 1.5 मिमी जास्त खोल, आणि ओरिजिनल 4 मिमीचा जाड वॉशर जुन्या पुलीतच ग्रीसने चिकटून राहिलेला, त्याऐवजी साधा 2 मिमीचा टाकलेला. म्हणजे बोल्ट एकूण 3.5 मिमी जास्त आत जात होता. असा बोल्ट कितीही टॉर्कने (पिळायच्या जोराने) आवळा, टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की वाजणारा पाना, क्लिक वाजेल, पण उपयोग काहीच नाही.

काकांचं म्हणणं असं की आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणानेच तो पुलीला दाबून धरतो, आणि 'की', म्हणजे पुली आणि क्रँकच्या खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा, ती फक्त जागा बरोबर ठेवायला असते, सगळा भार तिच्यावर आला तर ती मरते. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं, 800 आरपीएमला मिनिटाला 1600. माझ्या कीची एक कड चेपली होती, क्रँकच्या खाचेवर नखाला लागेल एवढीच खूण, नशीब! काही इंजिनांत टायमिंगचं (व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते सांभाळणारं) गिअरपण याच बोल्टच्या दाबावर असतं, तिथे की तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

मी विचारलं थ्रेड लॉकर (बोल्टच्या आट्यांना लावायचा गोंद) लावू का आणि जाड वॉशर घालून निळीच ठेवू का? काकांनी नुसतं बघितलं. जुन्या पुलीत दोन लोखंडी भागांमध्ये रबराची रिंग असते, ती क्रँकच्या पिळाची थरथर शोषते, निळीत ते काहीच नाही. ते ऐकल्यावर माझी हौस फिटली.

नवीन बोल्ट, नवीन की, जुना वॉशर, जुनी पुली. टॉर्क रेंच काकांच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून एका दिवसासाठी आणला. आकडा मुद्दाम देत नाही, प्रत्येक इंजिनचा वेगळा असतो, कुठे थेट टॉर्क, कुठे थोडा टॉर्क आणि मग ठरलेले अंश, आणि काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेव्हा स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल बघा. अंदाजासाठी एवढंच की आडव्या मीटरभर पाइपच्या टोकाला 10 किलो लटकवलं तर 98 न्यूटन मीटर होतात, त्यामुळे "जीव खाऊन" म्हणजे नक्की किती हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी बहिणीच्या नेलपेंटने बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर एक सरळ रेघ मारली. दर रविवारी चाक वळवून टॉर्चने बघतो. सहा महिने झाले, रेघ जागच्या जागी आहे, निळी पुली गॅलरीत.