डेटापॅक पुसून घेण्याचा माझा अनुभव

सायॉन ऑर्गनायझर टू या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकाची साठवण वाढवायची असेल तर पाठीमागच्या खाचेत डेटापॅक, म्हणजे मजकूर साठवणारी छोटी डबी, सरकवायचा, एवढेच आम्हाला विक्रीच्या काउंटरवर सांगण्यात आले होते, आणि तेवढे काम खरोखरच अर्ध्या मिनिटाचे आहे. भरलेला डेटापॅक पुन्हा रिकामा कसा करायचा, त्याला काय लागते आणि ते कोणाकडे असते, याविषयी मात्र तिथे अवाक्षरही निघाले नाही. इतकी वर्षे उलटली तरी त्या काउंटरचा माझा राग गेलेला नाही. आजही जुनी यंत्रे जमवणारे मित्र मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून जे जसे आठवते तसे लिहून ठेवतो.

मी १९८८ साली बर्मिंगहॅमजवळच्या एका पंपदुरुस्तीच्या कंपनीत होतो. कारखान्याकारखान्यांत जाऊन पंपांचे दाब, बेअरिंगचे तापमान, गळतीची नोंद असे सगळे टिपून आणायचे आणि संध्याकाळी ते वहीतून पुन्हा उतरवून काढायचे, असे आमचे काम चाले. लंडनच्या सायॉन कंपनीने १९८६ मध्ये आणलेला ऑर्गनायझर टू हे त्या दुहेरी लिखाणावरचे उत्तम उत्तर होते. आमच्याकडे एक्सपी हे मॉडेल होते. सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा, नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, आणि आत १६ के, म्हणजे १६ किलोबाइट, इतकी रॅम ही स्मृती. रोजनिशी, आम्ही ओपीएल या यंत्राच्याच प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम आणि चालू नोंदी हे सर्व त्या १६ के मध्येच बसवावे लागे, त्यामुळे पहिल्याच महिन्यात जागेची ओढाताण सुरू झाली. यंत्राच्या पाठीमागे डेटापॅकसाठी दोन खाचा असतात. आतल्या स्मृतीला यंत्र ए म्हणते आणि या दोन खाचांना बी व सी. पॅक ८ के पासून पुढे निरनिराळ्या आकारांत मिळत. आम्ही ३२ केचे घेतले, आणि काही आठवडे सर्वजण अत्यंत समाधानी होते.

पुढचे सांगण्यापूर्वी या पॅकच्या आत काय आहे ते स्पष्ट केले पाहिजे, कारण सगळी अडचण तिथूनच उगवते. डेटापॅकमध्ये ईप्रॉम, म्हणजे वीज नसतानाही मजकूर धरून ठेवणारी स्मृतीची चिप असते. मजकूर शून्य आणि एक अशा बिटांत साठतो, आणि कोऱ्या चिपमधला प्रत्येक बिट एक असतो. लिहिताना यंत्र आपल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीतून त्याहून बराच मोठा विद्युतदाब तयार करते आणि हवे ते बिट शून्य करते. शून्याचा पुन्हा एक करणे यंत्राच्या हातात नसते. म्हणून आपण एखादी नोंद पुसतो तेव्हा यंत्र तिच्यावर फक्त ‘रद्द’ अशी खूण करते. नोंद दिसेनाशी होते, पण जागा अडलेलीच राहते. रोजमेळाच्या वहीत शाईने खोडलेली ओळ पान रिकामे करीत नाही, तसेच हे आहे. एखाद्या नोंदीत एक आकडा बदलला तरी संपूर्ण नोंद नव्याने लिहिली जाते आणि जुनी तशीच पडून राहते. आमच्या नोंदी रोज दुरुस्त होणाऱ्या होत्या, त्यामुळे पॅकवर जेमतेम निम्मा जिवंत मजकूर असताना पडद्यावर ‘पॅक फुल’ अशी अक्षरे उमटली.

हे बिट पुन्हा एक करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे चिपच्या माथ्यावरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून तीव्र अतिनील प्रकाश आत सोडणे. त्यासाठी फॉर्मॅटर नावाचे वेगळे उपकरण मिळत असे. आमच्या कंपनीने ते घेतले नव्हते, कारण त्याची गरज पडेल हेच कोणी सांगितले नव्हते. मी दोन पॅक घेऊन शहरातल्या, यंत्र जिथून घेतले त्याच दुकानाच्या सेवाविभागात गेलो. तिथे पॅकमागे ठरावीक शुल्क घेऊन पुसून देण्याची सोय होती. पावती फाडली गेली, पॅकवर तिच्या क्रमांकाची कागदी चिठ्ठी चिकटवली गेली आणि पुढच्या आठवड्यात या असे सांगण्यात आले.

पुढच्या आठवड्यात पॅक तयार नव्हते. पुसण्याचे काम दुकानात होतच नव्हते, दुसऱ्या शाखेत जात होते, आणि ही गोष्टही मला तेव्हाच कळली. ते अखेर हातात आले तेव्हा मी काउंटरवरच ऑर्गनायझर बंद केला, पॅक सरकवला आणि यंत्र चालू केले. पूर्णपणे कोरा पॅक मिळाला की यंत्र त्याचा आकार आपणहून तपासते आणि सुरुवातीलाच स्वतःची ओळखखूण लिहून ठेवते. तसे झाले नाही. ‘पॅक नॉट ब्लँक’ असा संदेश आला, म्हणजे पॅक कोरा नाही. दुसरा पॅक यंत्राने स्वीकारला, पण घरी आल्यावर त्यावर नोंदी उतरवताना मध्येच लिहिण्यात चूक झाल्याचा संदेश आला आणि काम थांबले.

मी परत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पॅक न पाहताच सांगितले की चिप निकामी झाली आहे, नवे घ्या. माझा यावर विश्वास बसला नाही. एकाच वेळी दिलेल्या दोन पॅकच्या चिप एकाच आठवड्यात निकामी होतील, हे पंपांच्या बाबतीतही मी कधी पाहिलेले नव्हते. दिवा किती वेळ चालवला असे मी विचारले, तर ते शाखेला ठाऊक असे उत्तर मिळाले. शाखेचा दूरध्वनी क्रमांक मागितला तर तो ग्राहकांना देत नाहीत असे कळले. शुल्क परत मागितले तर काम झालेले असल्यामुळे ते परत मिळणार नव्हते. पुन्हा पुसून द्या असे म्हटल्यावर नवी पावती, नवे शुल्क आणि पुन्हा एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाखेरीज आपल्या पॅकविषयी कोणालाही काहीही ठाऊक नाही, हे त्या काउंटरसमोर उभे राहून ऐकताना मला विलक्षण संताप येत होता. एका कर्मचाऱ्याने तर खिडकीत उन्हात ठेवून पाहा असाही सल्ला दिला. थेट सूर्यप्रकाशात ईप्रॉम पुसले जाते हे खरे आहे, पण त्याला सुमारे आठवडाभर सलग ऊन लागते. शिवाय पुसण्यासाठी लागणारा आखूड तरंगलांबीचा प्रकाश खिडकीची साधी काच अडवते. बर्मिंगहॅमच्या नोव्हेंबरात बंद खिडकीमागे पॅक ठेवून काय साधणार होते?

दुसऱ्या वेळीही पॅक तसेच आले. या सगळ्या काळात कामावर आम्ही पुन्हा वह्या वापरत होतो.

सुटका झाली ती आमच्याच एका ग्राहकाच्या कारखान्यात. तिथे यंत्रांच्या नियंत्रकांसाठी ईप्रॉम लिहिणारा एक छोटा विभाग होता आणि तिथल्या वयस्क तंत्रज्ञांनी पॅक हातात घेताच पहिली गोष्ट केली ती म्हणजे दुकानाची चिठ्ठी नखाने उचलून पाहिली. ती नेमकी आवरणाच्या त्या छिद्रावर चिकटवलेली होती, ज्यातून चिपची खिडकी दिसते. कागद अतिनील प्रकाश अडवतो. एका पॅकवर चिठ्ठीने जवळजवळ सगळी खिडकी झाकली होती, दुसऱ्यावर अर्धी, आणि म्हणूनच एक फारच थोडा पुसला गेला होता तर दुसरा अर्धवट. म्हणजे आमच्याकडून दोनदा शुल्क घेऊन दोन्ही वेळा पॅक झाकूनच दिव्याखाली ठेवले गेले होते. चिठ्ठी काढल्यावरही गोंदाचा थर राहिला होता. त्यांनी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्यावर पुसून काढला, खिडकी भिंगाखाली तपासली, आणि मगच पॅक दिव्याच्या खणात ठेवले.

त्यांनी तेव्हा समजावलेले आकडे मला आजही पाठ आहेत. दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे २५४ नॅनोमीटर लागते. चिपला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १५ वॅट-सेकंद इतकी मात्रा मिळाली पाहिजे. दिवा चांगला असेल आणि खिडकी त्याच्यापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर असेल तर हे काम १५ ते २० मिनिटांत होते. दिवा जुना झाला की त्याचा निळसर उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसतो, पण उपयोगी प्रकाश घटलेला असतो, त्यामुळे वेळ वाढवावा लागतो. अर्धवट पुसलेली चिप विशेष फसवी असते. तिच्यातले काही बिट एकदा एक वाचले जातात आणि बॅटरी उतरली की शून्य. म्हणून यंत्राने पॅक स्वीकारला एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांनी आमचे दोन्ही पॅक एकदा पूर्ण वेळ ठेवले, तपासले आणि पुन्हा काही मिनिटे ठेवले. यंत्रात घातल्यावर दोन्ही पॅकचा आकार तपासला गेला, आणि निकामी ठरवलेल्या त्या चिप पुढे कितीतरी महिने विनातक्रार चालल्या. त्या दुपारी मला झालेला आनंद नवे यंत्र घेतानाही झाला नव्हता. त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. खण बंद केल्याशिवाय दिवा लागणार नाही असेच उपकरण वापरावे.

पॅक पुसायला देण्याआधी त्यातला जिवंत मजकूर काढून ठेवला पाहिजे हे वर सांगायचे राहिले. एक कोरा पॅक नेहमी हाताशी असावा. भरलेला पॅक बी मध्ये, कोरा सी मध्ये ठेवून मेनूतील कॉपीने एकातून दुसऱ्यात उतरवले की फक्त जिवंत नोंदी जातात आणि रद्द झालेल्या मागे राहतात, म्हणजे मजकूर आपोआप आटोपशीर होतो. आम्ही हे केले होते म्हणूनच दुकानाच्या हलगर्जीपणात आमची एकही नोंद गेली नाही. यंत्राच्या माथ्यावरच्या खाचेत कॉम्स लिंक ही संगणकाशी जोडणारी तार बसवून संगणकावर मजकूर घेता येतो, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी तोही मार्ग ठेवावा. कॉपी सुरू करण्यापूर्वी बॅटरी नवी घालावी, कारण ईप्रॉमवर लिहिणे हे या यंत्राचे सर्वांत खर्चिक काम आहे. पॅक काढताना किंवा घालताना यंत्र बंद असलेच पाहिजे.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धतच बदलली. दिवसभराच्या नोंदी ए मध्ये ठेवायच्या, तिथेच दुरुस्त करायच्या आणि आठवड्याच्या शेवटी अंतिम रूप एकदाच पॅकवर उतरवायचे. प्रोग्रॅमच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे, कारण ओपीएलमधला प्रोग्रॅम पॅकवर ठेवून दुरुस्त करीत राहिलात तर प्रत्येक दुरुस्तीची जुनी प्रत जागा खात जाते. वारंवार बदलणाऱ्या मजकुरासाठी रॅमपॅक घ्यावा. त्याला पुसायला दिवा लागत नाही, मात्र त्यातला मजकूर आतल्या लिथियम बॅटरीवर टिकून असतो, म्हणून वर्षानुवर्षे जपायच्या गोष्टी त्यावर सोपवू नयेत. ग्राहकांचे पत्ते, पंपांचे क्रमांक, पूर्ण झालेले प्रोग्रॅम यांच्यासाठी डेटापॅकच उत्तम, कारण त्याला टिकून राहण्यासाठी कोणत्याच विजेची गरज नसते.

आज कोणी जुना पॅक विकत घेत असेल तर त्याने पैसे देण्यापूर्वी खिडकीवर चिठ्ठी, गोंद किंवा चरे आहेत का ते पाहावे, आणि ‘पॅक नॉट ब्लँक’ असा संदेश येतो एवढ्यावरून पॅक फेकून देऊ नये. खिडकी स्वच्छ करून, भरवशाच्या दिव्याखाली पूर्ण वेळ ठेवून मगच त्याचा निर्णय करावा. पुसून झाल्यावर खिडकी अपारदर्शक पट्टीने जरूर झाकावी, पण ती पट्टी स्वतःच लावावी आणि पुढच्या वेळी पॅक पुसायला देताना ती आपल्या हाताने काढूनच द्यावी. पावतीचा क्रमांक लिहायचा असेल तर तो पाकिटावर लिहायला सांगावा.